खिडकीजवळचा माणूस आधी बाहेर पडतो, वहिनी

या वेळचं पत्र कोकणातल्या एका वहिनींचं आहे. नाव, गाव, कंपनी सगळं काढून टाकलंय आणि पत्र थोडं कापलंय.

"दादा नमस्कार. आमचे हे ऑफशोअरला, म्हणजे समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर, रिगर (अवजड सामान बांधून उचलणारे) आहेत, परदेशात कॉन्ट्रॅक्टवर जातात, अकरा वर्षं झाली. चार महिन्यांपूर्वी प्लॅटफॉर्मवर जाताना ह्यांचं हेलिकॉप्टर समुद्रात उतरवावं लागलं आणि उलटलं. हे खिडकीतून बाहेर आले. शेजारी बसलेले ह्यांचे रूममेट आले नाहीत. बाकी सगळे वाचले. हे घरी आले तेव्हा आम्ही सत्यनारायण घातला, पण माणूस घरात असून नसल्यासारखा आहे. रात्री पंखा लावू देत नाहीत. झोपेत 'बेल्ट, बेल्ट' करून ओरडतात. एसटीत बसलं की आधी संकटकाळचा दरवाजा कुठे ते बघतात. स्टोव्हचा वास आला की उठून बाहेर जातात. सासरे मासेमारीतले, ते म्हणतात मी दोनदा बुडता बुडता वाचलो आणि तिसऱ्या दिवशी परत होडी काढली, हा काय असा बसून राहिलाय. एजंटचे फोन चालू आहेत की पुढच्या महिन्यात जॉइन व्हा नाहीतर दुसरा माणूस घेतो. घराचं कर्ज आहे. आणि त्या रूममेटची बायको ह्यांना फोन करते, हे उचलत नाहीत, फोन पालथा घालून ठेवतात. एकदाच मला म्हणाले, मी आधी बाहेर पडलो, तो राहिला. दादा, ह्यांनी काही चुकीचं केलं का? ह्यांना परत पाठवू का नको?"

वहिनी, तुम्ही प्रश्न दोन विचारलेत पण मला पत्रात तीन दिसतायत, तिसरा त्या पालथ्या फोनचा, त्याच्याकडे शेवटी येतो. आधी पहिला, कारण त्याचं उत्तर मला नक्की माहितीये. नाही. तुमच्या मिस्टरांनी काहीही चुकीचं केलेलं नाही. आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीये, सांगतो कसं ते.

मी सत्तावीस वर्षं मुंबई हायला, म्हणजे मुंबईसमोरच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात काढली, त्यातली बरीचशी हेलिडेकवर, म्हणजे प्लॅटफॉर्मवर हेलिकॉप्टर उतरतं त्या जागेवर. हेलिकॉप्टर उतरताना बाजूला आग विझवायचा पाइप तयार ठेवून वाऱ्यात उभा असतो ना एक माणूस, तो मी. त्यामुळे डॉक्टरकीचं मला विचारू नका, ते पुढे दुसऱ्याकडे पाठवणारच आहे, पण हेलिकॉप्टर पाण्यात गेल्यावर आत काय होतं हे मला सांगता येतं. त्याचं इंजिन, गिअरबॉक्स, पंखा, सगळं वजन डोक्यावर. म्हणून ते पाण्यावर टेकलं तरी लाट आली की कलंडतं आणि उलटं होतं, खाली फुगे लावलेले असतात ते तरंगत ठेवायला, पण सरळ ठेवतीलच असं नाही. मग आतला माणूस डोकं खाली, नाकात पाणी, डोळ्यासमोर फेस, वर कुठलं खाली कुठलं कळत नाही आणि हातात वेळ किती, तर एका श्वासाचा. याचंच ट्रेनिंग असतं, ह्युएट म्हणतात त्याला, स्विमिंग पूलमध्ये हेलिकॉप्टरसारखा डबा असतो त्यात बांधून बसवतात, पाण्यात सोडतात आणि उलटा फिरवतात. तिथे काय शिकवतात ते ऐका. ब्रेस करून, म्हणजे अंग आवळून बसा, एक हात खिडकीच्या चौकटीवर, तो सोडायचा नाही. डबा फिरायचा थांबला की खिडकी ढकला, मग बेल्ट सोडा, मग चौकटीला धरूनच स्वतःला बाहेर ओढा. लाइफ जॅकेट आत असताना फुगवायचं नाही, बाहेर आल्यावरच. या सगळ्यात शेजाऱ्याचा बेल्ट सोडवा असं कुठेही नाहीये. विसरलेत म्हणून नाही. खिडकीजवळचा माणूस जागेवरून हलल्याशिवाय त्याच्या आतल्या बाजूला बसलेल्याला वाटच मिळत नाही. तुमचे मिस्टर जर आत थांबून चाचपडत बसले असते तर त्या खिडकीत बूच बसलं असतं, आणि मग मागचा कोणीच आला नसता.

माझं पहिलं ह्युएट सांगतो, म्हणजे त्यांना वाचून दाखवा वाटलं तर. डबा फिरायच्या आधीच मी घाबरून बेल्ट सोडला, मग चौकट हातातून सुटली, मी तरंगत छताला जाऊन आपटलो (छताला म्हणजे जमिनीला, उलटं झालं होतं ना सगळं), आणि शेवटी डायव्हरने माझं मुंडकं धरून मला बाहेर काढलं. आणि हे कुठे, तर कोमट पाण्याच्या पूलमध्ये, लाइट लावलेले, नाश्त्याला पोहे खाऊन. शेजारी कोण बसला होता हे बाहेर आल्यावर मला आठवत पण नव्हतं. तेव्हा खऱ्या समुद्रात जो माणूस खिडकी शोधून बाहेर पडला त्याला मी सॅल्यूट करीन, जाब नाही विचारणार.

आणि ही गोष्ट पार वरच्या लेव्हलला मान्य झालेली आहे. २३ ऑगस्ट २०१३ ला स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांजवळ, सम्बरो विमानतळाच्या अलीकडे, सुपर प्युमा जातीचं एक हेलिकॉप्टर समुद्रात पडलं आणि लगेच उलटलं. आत १८ जण, त्यातले ४ गेले. त्यानंतर ब्रिटनच्या विमान वाहतूक खात्याने सगळा आढावा घेतला आणि २०१४ मध्ये नियम काढला की ढकलून उघडणाऱ्या खिडकीला लागून नसलेल्या सीटवर माणूस बसवायचाच नाही, बसवायचा तर त्याला पाण्याखाली श्वास घ्यायचं चांगल्या दर्जाचं किट द्या. रुंद खांद्याच्या माणसाला मोठी खिडकी द्या असं पण आलं. म्हणजे बघा, त्यांनी 'शेजाऱ्याने मदत करावी' असा नियम नाही काढला, त्यांनी खुर्ची हलवली, कारण त्या एका श्वासात दुसऱ्याचं काही करता येत नाही हे त्यांना मान्य होतं. त्याच अपघाताच्या चौकशीत अजून एक निघालं, लोकांच्या जॅकेटमध्ये श्वासाचं जे किट होतं त्यात स्वतःची हवा भरलेली होती, आणि उड्डाणाआधीच्या माहितीत ते नीट सांगितलंच गेलं नव्हतं. अशी एकेक गोष्ट निघते नंतर. तुमच्या मिस्टरांच्या रूममेटचा बेल्ट अडकला होता का, आपटून शुद्ध गेली होती का, हे मला माहीत नाही आणि खरं म्हणजे तुमच्या मिस्टरांनाही माहीत नाही. झोपेत 'बेल्ट, बेल्ट' ओरडतायत ते एका अंदाजावर ओरडतायत, पण चार महिने रोज रात्री तोच अंदाज बघितला की माणसाला तो पुरावा वाटायला लागतो.

चौकशीचा रिपोर्ट येईल तेव्हा मागवून घ्या, वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. या चौकशा दोष कुणाचा हे ठरवायला नसतात, पुन्हा होऊ नये म्हणून असतात, आंतरराष्ट्रीय नियमच तसा आहे. तो कागद वाचून तुमच्या मिस्टरांना जेवढं हलकं वाटेल तेवढं माझ्या पत्राने नाही वाटणार.

आता पंखा, स्टोव्ह आणि एसटी. वहिनी, यातलं एकही वेडेपणाचं नाहीये, सगळ्याला हिशोब आहे. हेलिकॉप्टरचं इंधन म्हणजे शेवटी शुद्ध केलेलं रॉकेलच, अपघातानंतर ते पाण्यावर पसरतं, नाकातोंडात जातं, तेव्हा स्टोव्ह पेटला की त्यांचं डोकं सांगतं चल, बाहेर पड. डोक्यावर फिरणारा पंखा म्हणजे काय ते तर तुम्हाला मी सांगायला नको. तो छताचा पंखा बंदच ठेवा, पायाशी टेबल फॅन लावा, आवाज वेगळा आणि जागा वेगळी. उन्हाळ्यात घरच्यांनी कुरकुर केली तर करू दे. झोपेत ओरडले तर गदागदा हलवू नका, दिवा लावा, थोडं लांबूनच नावाने हाक मारा, कुठे आहात ते सांगा, घरी आहात, आज मंगळवार आहे, असं साधं. आणि 'आता विसरा हो ते' हे वाक्य घरात बंद करा, पाहुण्यांना पण सांगून ठेवा, कारण जो येतो तो चहा पिऊन तेच बोलून जातो.

पण घरगुती उपाय इथपर्यंतच. असा धक्का बसल्यावर पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं हे बहुतेकांचं होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप उतरतं. महिना उलटून गेला तरी राहिलं की डॉक्टर त्याला पीटीएसडीच्या, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणाऱ्या मानसिक आजाराच्या दृष्टीने बघतात. तुमचे चार महिने झालेत, म्हणजे आता वाट बघण्यात अर्थ नाही. मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा, जिल्हा रुग्णालयात असतो, आणि तिथे जायला लाज वाटत असेल तर आधी १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस म्हणतात, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलतात. त्यांना स्पष्ट सांगा की अपघातानंतरचा त्रास आहे, ट्रॉमासाठीची, म्हणजे अशा धक्क्यासाठीची सीबीटी (विचार आणि वागणं यांवर बोलून केलेला उपचार) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करवून आठवणीवर केलेला उपचार) करणारा माणूस हवाय. या दोन्ही उपचारांचा पीटीएसडीत फायदा होतो हे नीट तपासलेलं आहे, काही आठवड्यांच्या सिटिंग असतात, गोळ्या लागतील की नाही ते डॉक्टर बघतील. मेडिकलवाल्याकडून झोपेच्या गोळ्या आणून देऊ नका. आणि दारू वाढलीये का ते बघा, तुम्ही लिहिलं नाहीये पण मी इतकी वर्षं या लोकांत काढलीत म्हणून विचारतोय. कधी 'मी पण तिथेच राहायला हवं होतं' असं काही बोलले तर थेट विचारा, जिवाचं काही करायचं मनात येतंय का, विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, आणि उत्तर हो असेल तर त्या दिवशी त्यांना एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

कंपनीने म्हणे आल्या आल्या सगळ्यांना एका खोलीत बसवून दोन तास काय काय झालं ते बोलून घेतलं (तुमच्या पत्रात होतं, मी वर कापलं). हेतू चांगला असेल, पण असं एकदाच जबरदस्तीने सगळं ओकून घेणं करू नका असं ब्रिटनच्या नाइस या आरोग्याच्या संस्थेच्या सूचनांमध्येच आहे. तेव्हा मिस्टर म्हणत असतील की आम्ही काउन्सेलिंग केलंय त्याने काही झालं नाही, तर त्यांना सांगा ते काउन्सेलिंग नव्हतंच. हो आणि कंबर, मान, कान पण तपासून घ्या. हेलिकॉप्टर पाण्यावर आपटतं तेव्हा मणक्यावर दणका बसतो आणि जिवंत आलोय या नादात माणूस महिनोन्महिने ते अंगावर काढतो.

सासरेबुवांबद्दल. त्यांना कमी लेखू नका, दर्यावर पोट भरलेला माणूस आहे. पण होडीत सुकाणू त्यांच्या हातात होतं, बुडायला लागले तेव्हा पाण्यात उडी त्यांनी स्वतः मारली. तुमचे मिस्टर घट्ट पट्टा आवळून, कानात बोळे घालून, दुसऱ्याच्या हातात जीव देऊन बसले होते आणि उलटे बांधलेले असतानाच पाणी आलं. हा फरक त्यांना कोणीतरी समजावून सांगा, तुम्ही नका सांगू, त्यांच्या वयाचा कोणी असेल तर बरं. आणि मला एक शंका आहे, त्या दोन वेळांनंतर बाबांना रात्री झोप लागायची का, हे कधी सासूबाईंना विचारून बघा. लागत नसेल, आणि हे जर बाबा स्वतःच्या तोंडाने मुलाशी बोलले, तर तुमचं अर्धं काम होईल.

आता परत पाठवायचं का. वहिनी, इथे मी तुम्हाला हो किंवा नाही देणार नाही, पण पुढच्या महिन्यात नाही हे नक्की सांगतो. लोक तुम्हाला आकडे सांगतील, की अहो रोज किती हेलिकॉप्टरं जातात, किती पडतात. मी पण सांगू शकतो. जानेवारी १९९५ ला उत्तर समुद्रात एका हेलिकॉप्टरच्या शेपटीच्या पंख्यावर वीज पडली, पाण्यात उतरवलं, १८ च्या १८ वाचले. २०१२ मध्ये स्कॉटलंडकडेच मे मध्ये एक आणि ऑक्टोबरमध्ये एक, गिअरबॉक्सच्या आतला शाफ्ट तडकला म्हणून दोन्ही पाण्यावर उतरवली, आधी १४ आणि मग १९, सगळे सुखरूप. पण दुसऱ्या बाजूचे पण आहेतच, १२ मार्च २००९ ला कॅनडात न्यूफाउंडलंडजवळ १८ पैकी एकच वाचला. आणि आपल्याकडे १३ जानेवारी २०१८ ला जुहूहून निघालेलं पवन हंस कंपनीचं हेलिकॉप्टर, सातही गेले. २८ जून २०२२ ला सागर किरण रिग दीड किलोमीटरवर असताना पवन हंसचंच एक पाण्यात गेलं, ९ जणांपैकी ४ गेले. त्या दिवशी आमच्या जुन्या ग्रुपवर जी शांतता होती ती मी विसरलो नाहीये, कोणी गुडमॉर्निंगसुद्धा टाकलं नाही दोन दिवस. सांगायचं काय, तर ज्याच्या अंगावर एकदा गेलंय त्याला आकड्याने धीर येत नाही आणि येईल अशी अपेक्षा पण करू नये.

त्यापेक्षा पायरीपायरीने बघा. आधी रात्रीची झोप, सलग. मग पाणी, म्हणजे गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहता येतं का, डोकं बुडवता येतं का, उपचार करणाऱ्याला विचारून, हळूहळू. मग हेलिकॉप्टरचा आवाज. ह्युएट परत करायची पाळी कधीतरी येणारच, तेव्हा ट्रेनिंग सेंटरला आधीच फोन करून सांगा की हा माणूस खरा बाहेर पडलेला आहे, इन्स्ट्रक्टर वेगळी काळजी घेतात, डबा न उलटवता आधी नुसतं बसवतात. त्या डब्यातून ते नीट बाहेर आले, आणि त्या रात्री झोपले, की मग परत जायचं का हा प्रश्न त्यांना विचारा. त्यांनाच, तुम्ही ठरवू नका आणि एजंटला तर अजिबात ठरवू देऊ नका. आणि नाही म्हणाले तर रिगरला जमिनीवर काम नाही असं थोडंच आहे, फॅब्रिकेशन यार्ड आहेत, बंदरं आहेत, शटडाऊनची, म्हणजे कारखाना दुरुस्तीला बंद ठेवतात तेव्हाची कामं आहेत. पगार कमी, हे खरंय, ते मी गोड करून सांगत नाही. बँकेत जाऊन हप्ता कमी करून मुदत वाढवता येते का ते या आठवड्यातच विचारा, कारण तुमच्या पत्रातली अर्धी घाई ही कर्जाची आहे आणि ती एजंटला बरोबर कळलेली आहे.

एजंटवरून आठवलं. 'फुल अँड फायनल', म्हणजे सगळा हिशोब मिटला, असं लिहिलेल्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही, किती का पैसे देईनात, आधी वकिलाला दाखवा. कॉन्ट्रॅक्ट, तिकडचे मेडिकल पेपर, बोर्डिंगची नोंद, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप, सगळ्याच्या कॉपी काढून ठेवा. पैसे अडवले तर परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल आहे, तिथे तक्रार टाकता येते. आणि मेडिक्लेम असेल तर मानसिक आजाराला नाही म्हणता येत नाही, २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की बाकीच्या आजारांसारखंच कव्हर द्यायचं, पॉलिसी काढून बघा.

आता तो फोन. मला वाटतं तुमच्या मिस्टरांना समुद्रापेक्षा त्या फोनची भीती जास्त आहे. त्यांना वाटतंय ती विचारणार, तुम्ही का वाचलात. वहिनी, अशा बायका मी बघितल्यात, दोघी-तिघींच्या घरी मी स्वतः गेलोय, एकीनेही हे विचारलं नाही. त्या विचारतात सकाळी काय खाल्लं होतं, मूड कसा होता, आमच्याबद्दल काही बोलले का, शेवटी कोणाबरोबर होते. आणि याची उत्तरं सबंध जगात एकाच माणसाकडे आहेत, तो फोन पालथा घालून बसलाय. त्यांना आत्ता बोलायला लावू नका, जमणार नाही आणि जबरदस्ती केली तर तिलाच उलटसुलट काही ऐकावं लागेल. पुढच्या वेळी फोन वाजला की तुम्ही उचला. सांगा की हे अजून बोलू शकत नाहीत, पण तुम्हाला टाळत नाहीयेत, बरे झाले की स्वतः करतील. अपघाताचं तिने काही विचारलं तर तुम्हाला माहीत नाही म्हणा, तिला बरं वाटावं म्हणून मनाने काही सांगू नका, 'त्रास झाला नसेल' वगैरे, उद्या रिपोर्टमध्ये वेगळं निघालं तर ते वाक्य तिला जाळत राहील. तिचं काय चाललंय ते विचारा, पैसे मिळाले का, मुलं कुठल्या शाळेत आहेत, दोघी एकाच एजंटच्या तावडीत असाल तर कागद पण मिळून बघा. आणि हे सगळं स्वयंपाकघरात दार लावून नका करू. बाहेरच्या खोलीत बसून बोला, मिस्टर असतील तिथे, त्यांना ऐकू जाऊ दे की ती ओरडत नाहीये.